तळ्याची प्रकृती आणि त्यातले मासे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीच्या उत्तरेस रेडी हे गाव आहे. यशवंतगड आणि द्विभुज गणपती यांच्याप्रमाणेच लोहखनिजाच्या खाणींसाठीही ते परिचित आहे. उघड्या खाणीतून खनिज काढून घेतले की मागे प्रचंड खड्डा उरतो. त्यात पावसाचे आणि जमिनीतून पाझरणारे पाणी साचते. दुरून पाहणाऱ्याला ते तळेच वाटते. अशा वेळी मनात एक साधा प्रश्न येतो. इतके पाणी आयते साचले आहे, त्यात मासे सोडले तर त्याचे तळे होणार नाही का?

प्रश्न साधा असला तरी त्याच्या उत्तरासाठी तळे म्हणजे काय हेच समजून घ्यावे लागते. तुलनेसाठी याच जिल्ह्यातले, मालवण तालुक्यातले धामापूरचे तळे घेऊ. विजयनगरच्या काळात, १५३० साली, नागेश देसाई या मांडलिकाने दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून ते बांधले असे सांगितले जाते. काठावर भगवतीचे देऊळ आहे, भोवती झाडी आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत या तळ्याचा समावेश केला. तेही माणसानेच केलेले आहे. मग खाणीच्या खड्ड्यात आणि त्याच्यात फरक कोणता?

पहिला फरक काठाचा. डोंगराच्या कुशीतल्या तळ्याचे पाणी कडेला हळूहळू उथळ होत जाते. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो, म्हणून तेथे पाणवनस्पती उगवतात. त्यांच्या पानांवर शेवाळ धरते, शेवाळावर गोगलगायी व कीटकांच्या अळ्या जगतात आणि त्यांच्यावर मासे. बहुतेक लहान मासे अंडी घालतात ती इथेच, आणि पिल्ले लपतात तीही इथेच. खाणीच्या खड्ड्याच्या भिंती उभ्या असतात. काठापासून एक-दोन पावलांवर पाणी एकदम खोल होते. पाणी भरपूर असले तरी माशांना स्वयंपाकघर नाही आणि बाळंतिणीची खोलीही नाही, अशी तेथली स्थिती असते.

दुसरा फरक हवा खेळण्याचा. माशांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. २५ अंश सेल्सियसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, आणि पाणी तापले की तो आणखी कमी होतो. ५ मिलिग्रॅमच्या वर प्रमाण असेल तर बहुतेक मासे सुखाने राहतात. हा ऑक्सिजन हवेतून आणि वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातून, म्हणजे वरच्या थरातच, मिळतो. तो खाली पोचवायचा तर पाणी ढवळले गेले पाहिजे.

उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, हलके होते आणि थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. आपल्याकडे हा परिणाम विशेष तीव्र असतो. पाणी ५ अंशांवरून ६ अंशांवर गेले तर त्याच्या घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या सुमारे दसपट फरक ते २९ वरून ३० अंशांवर जाताना पडतो. म्हणून उष्ण प्रदेशात दोन-तीन अंशांच्या फरकानेही थर पक्के होतात. उथळ, मोकळ्या तळ्यात वारा ते मोडतो. उंच भिंतींच्या आड असलेल्या खोल खड्ड्यात वाऱ्याचा जोर पोचत नाही. तळाशी गेलेला पालापाचोळा कुजताना तिथला ऑक्सिजन संपवतो, आणि खालचे पाणी माशांना निरुपयोगी होते.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. कधी कधी पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर सकाळी तळ्यावर मेलेले मासे तरंगताना दिसतात. विष घातल्याचा संशय चटकन येतो, आणि तो तपासलाच पाहिजे. पण गार पावसाने थर मोडून तळचे ऑक्सिजनहीन पाणी वर मिसळल्यानेही असे घडते.

आता तळ्याची प्रकृती ओळखायची कशी? पाण्याचा नमुना आपल्याला त्या क्षणाची बातमी देतो. काल दुपारी भरपूर असलेला ऑक्सिजन आज पहाटे संपलेला असू शकतो. मासा मात्र त्या पाण्यात वर्षानुवर्षे राहिलेला असतो. या विचारातून १९८१ साली अमेरिकेतील जेम्स कार या शास्त्रज्ञाने माशांवरून ओढ्यांचे आरोग्य मोजण्याची पद्धत मांडली. किती जाती आहेत, त्यांत स्थानिक किती, कोण काय खाते, रोगट किती, अशा बारा कसोट्यांना गुण देऊन बेरीज करायची, ही तिची कल्पना. पुढे त्या त्या प्रदेशाला जुळतील असे बदल करून ती अनेक देशांत वापरली गेली.

या कसोट्यांत ‘किती किलो मासे मिळाले’ यावर भिस्त नाही, हे ध्यानात घ्यावे. रोहू, कटला, मृगळ हे मासे नदीच्या वाहत्या पुरात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून त्यांचे बीज हवे तेवढे मिळू लागले. ते दरवर्षी तळ्यात सोडले की उत्पन्न येते. त्याने गावाला चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते उत्पन्न सोडलेल्या बीजाचा हिशेब सांगते, तळ्याच्या आरोग्याचा नव्हे.

चिलापीचे उदाहरण याहून बोलके आहे. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. याची मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे बहुतेक पिल्ले वाचतात. गढूळ, घाण पाण्यातही तो तग धरतो. तळ्यात गर्दी झाली की लहानपणीच वयात येतो आणि आकार खुजा राहतो. जाळे भरलेले दिसते, पण त्यातल्या शेंगट्या, खवळे, वाम कमी होत गेलेले असतात. आफ्रिकेतल्याच व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा भक्षक मासा सोडला गेला. १९८० च्या दशकात त्याचे उत्पन्न प्रचंड वाढले, आणि त्याच काळात तिथल्या छोट्या स्थानिक माशांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या. उत्पन्न चढते आणि प्रकृती उतरते, असे एकाच वेळी घडू शकते.

तिसरा फरक वाटेचा. कोकणात पहिल्या पावसात ओहोळ भरले की मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि भाताच्या खाचरांत, उथळ पाण्यात अंडी घालतात. हे चढणीचे किंवा वलगणीचे मासे. तळे ओहोळांना जोडलेले असेल तरच हे शक्य आहे. खाणीच्या खड्ड्याला सहसा अशी वाट नसते. चढणीचे मासे पकडणे हा कोकणातला जुना उत्साहाचा कार्यक्रम आहे. पण त्या दिवसांत पकडलेली मादी पोटात हजारो अंडी घेऊन निघालेली असते. ओहोळाची सारी रुंदी जाळ्याने अडवली तर पुढच्या वर्षीचे मासेच आपण आज खातो. निम्मा प्रवाह मोकळा ठेवला, तर खाणेही होईल आणि वंशही राहील.

शाळेला करता येईल असा एक उपक्रम सुचवतो. जवळच्या तळ्यावर मासे विकायला येतात तेथे महिन्यातून एकदा जावे. किती जाती आहेत ते स्थानिक नावांनिशी लिहावे. प्रत्येक जातीच्या वीस-पंचवीस माशांची लांबी पट्टीने मोजावी. सर्व लांबीचे मासे असतील, तर ती जात तिथे वाढते आहे. फक्त मोठेच असतील, तर प्रजनन थांबले असावे. फक्त लहानच असतील, तर मोठे होण्याआधीच ते पकडले जात असावेत. मरळीसारखे दुसऱ्या माशांवर जगणारे मासे सापडतात का, ते मुद्दाम पाहावे. ते टिकून असतील तर खालची अन्नसाखळी बरी आहे. दोरीला बांधलेली पांढरी थाळी बांधावरून शिक्षकांनीच पाण्यात सोडून ती कितीवर दिसेनाशी होते तेही नोंदवावे. ही युक्ती इटलीच्या सेक्की यांनी १८६५ साली वापरली होती. खाणीच्या खड्ड्यांवर मात्र मुलांना मुळीच नेऊ नये. काठ ढासळतात आणि पाणी एकदम खोल असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नुसते मासे सोडल्याने खड्ड्याचे तळे होत नाही. एखादी कड उतरती करून उथळ काठ तयार करावा लागेल, त्यावर स्थानिक पाणवनस्पती रुजवाव्या लागतील, पाण्याचा सामू, क्षार आणि धातू तपासावे लागतील. समुद्र जवळ असल्याने खारेपणाही पाहावा लागेल. मासे सर्वांत शेवटी, आणि तेही इथल्याच ओहोळांतले. परके मासे सोडले आणि अतिवृष्टीत खड्डा भरून वाहिला, तर ते शेजारच्या ओहोळांत शिरतील, आणि तेथून त्यांना परत बोलावता येणार नाही. धामापूरच्या तळ्याने आपला काठ जमवायला जवळजवळ पाचशे वर्षे घेतली आहेत. म्हणून नवे तळे घडवण्याची चर्चा करताना, जे घडलेले आहे ते सांभाळण्याचा विचार वर्गात आधी व्हावा.