जादू म्हणजे नेमके काय?

फैजपूरच्या परिसरातल्या सहावी-सातवीच्या मुलांना ‘जादू’ हा शब्द वापरून एकेक वाक्य करायला सांगा. ‘लताबाईंच्या आवाजात जादू होती.’ ‘जादूगाराने टोपीतून कबूतर काढले.’ ‘जादूच्या चौरसात आडवी, उभी, तिरपी कशीही बेरीज करा, १५ येते.’ आणि एखादे मूल म्हणेल, ‘आमच्या म्हशीवर कोणीतरी जादू केली, ती दूध देईना.’ व्याकरण चारही वाक्यांचे बरोबर! पण शिक्षकाने चौथ्यापाशी थांबायला हवे, असे आम्हांला वाटते.

‘जादू’ फारसीतून आला. आपल्या ‘गारुड’ शब्दाचीही गंमत पाहा. गरुडावरून आलेला हा शब्द मुळात सापाचे विष उतरवण्याच्या मंत्राचा. आज एखादे नाटक मनावर गारुड घालते आणि ती स्तुती ठरते. ‘हातचलाखी’ हा बिचारा सर्वांत प्रामाणिक शब्द, पण त्याला टाळ्या कमी.

आता वर्गात हे करून पाहू. स्टीलच्या सुरीवर लाल जास्वंदीच्या पाकळ्या चोळून सुरी वाळवा. तिने लिंबू कापा. लालसर थेंब ओघळतील. पाकळीतले रंगद्रव्य आम्लात लाल होते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ते हिरवट दिसेल. रंगमंचावर हेच लिंबू कापले तर ती करमणूक, कारण फसवणूक आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. ‘तुमच्यावर करणी झाली आहे’ असे सांगून कापले तर मात्र पैसे उकळता येतात.

आणि कोणाचे तरी नावही घेता येते. सातपुड्याच्या याच रांगेत, पश्चिमेला धुळे-नंदुरबारकडे, ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या घटना घडल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. जादूटोणा हा शब्द कायद्याच्या नावातच आहे. अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगत तिला त्रास देणे हा त्यात गुन्हा आहे.

तेव्हा त्या मुलाला हसू नका, रागावूही नका. म्हैस गाभण आहे का? कास सुजली आहे का? चारा बदलला का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा तिला पाणी आणि सावली किती मिळते? घरी विचारून उद्या वर्गात सांगायला सांगा. कास सुजलेली असेल, तर गुरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवायला हवे.