पिवळे तळहात आणि मिकानची पेटी

गेल्या फेब्रुवारीतली एका रविवारची गोष्ट. सौ. कणीक मळत होती आणि मी शेजारी उभा राहून गाजरे किसत होतो. तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, हळदीचा हात धुतला नाहीत का?" हळदीच्या डब्याला मी हातही लावलेला नव्हता. साबणाने धुतले, लिंबू चोळले, पण तळहात पिवळे ते पिवळेच. तळपाय पाहिले, तर तेही तसेच. संध्याकाळी आईला फोन केला. ती एकच शब्द बोलली, "कावीळ!" आणि उसाचा रस, ज्वारीची भाकरी व गावच्या वैद्याचे झाडपाल्याचे औषध अशी सगळी यादी तिने सांगून टाकली. त्सुकुबात उसाचा रस कुठे मिळणार, हा प्रश्न निराळाच.

यामागची हकिगत थोडी सांगायला हवी. नोव्हेंबरअखेरीस माझ्या पायांना आणि पाठीला खाज सुटू लागली. अन्नातले काहीतरी बाधते आहे, असे मनाने घेतले आणि मी एकेक पदार्थ सोडत गेलो. मुळात मी शाकाहारी आहे. त्यात आधी वांगे आणि टोमॅटो सुटले, मग दूध-दही, मग सोयाबीनचे सर्व प्रकार, शेवटी गहू. खाज थांबेना, म्हणून आणखी काही सोडायचे, असे चालले होते. फेब्रुवारीपर्यंत ताटात उरले भात, गाजर, लाल भोपळा, रताळी आणि मिकान. इबाराकी प्रांत सुकवलेल्या रताळ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि हिवाळ्यात मिकानची पेटीच घरात येऊन पडते. टीव्हीसमोर बसल्याबसल्या सहज आठ-दहा मिकान पोटात जात. हात पिवळे झाले तेव्हा मला वाटले, आता या रंगांचीही अ‍ॅलर्जी झाली. गाजर आणि भोपळाही सोडावा असा बेत होता. सोडला असता तर खायला फक्त भात राहिला असता.

सुदैवाने दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी प्रथम माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, मग लघवीचा रंग विचारला आणि तिसरा प्रश्न केला, "मिकान रोज किती?" आकडा ऐकून ते हसले आणि म्हणाले, "कानपिशो." म्हणजे संत्रासालीसारखी कातडी होण्याचा विकार. जपानात हा इतका जुना आहे की त्याच्या लॅटिन नावात एर्विन बेल्त्झ या जर्मन डॉक्टरांचे नाव जोडलेले आहे. ते १८७६ मध्ये जपानात आले आणि तोक्योत पुष्कळ वर्षे वैद्यक शिकवीत होते.

हा विकार होतो कसा? गाजर, भोपळा व मिकान यांचा रंग कॅरोटीन वर्गातल्या द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. म्हणून गाजर तुपातेलात शिजवले की ती जास्त शोषली जातात. (गाजरहलव्याचे चाहते लक्षात घेतीलच.) शरीर त्यातल्या काहींपासून गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवते, म्हणून भाज्यांतल्या कॅरोटीनने अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. उरलेला रंग रक्तात फिरतो, घामातून आणि त्वचेच्या तेलातून बाहेर येतो आणि जिथे कातडी जाड असते तिथे साठतो. तळहात, तळपाय आणि नाकाच्या बाजूच्या घड्या या त्याच्या जागा. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर तो चढत नाही. काविळीत मात्र बिलिरुबिन प्रथम डोळ्यांतच दिसते आणि लघवी गडद होते. हात पिवळे, पण डोळे पांढरेशुभ्र, हीच यातली ओळखण्याची खूण. साधारणपणे दररोज ३० मिलिग्रॅमच्या वर कॅरोटीन दीर्घकाळ पोटात गेले की रंग दिसू लागतो. शंभर ग्रॅम गाजरात ते सुमारे ८ मिलिग्रॅम असते. हिशेब तुम्हीच करा.

आपली हळद या बाबतीत निर्दोष आहे, कारण तिचा रंग आतड्यातून फारच थोडा शोषला जातो. मात्र हळदीच्या, म्हणजे इथल्या 'उकोन'च्या, अर्काच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे. विशेषतः शोषण वाढावे म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फोडणीतली चिमूटभर हळद आणि ही गोळी एक समजू नये.

मग रंगाची खरी अ‍ॅलर्जी असते की नाही? असते, पण क्वचित, आणि ती बहुधा रंगाची नसून रंगासोबत राहून गेलेल्या प्रथिनांची असते. शेंद्रीच्या बियांच्या रंगाने तीव्र प्रतिक्रिया आल्याची उदाहरणे आहेत. सर्वांत बदनाम रंग मात्र वनस्पतीचा नाहीच. कोचिनील हा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून काढतात. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्याच्या अ‍ॅलर्जीबद्दल जाहीर इशारा दिला होता. शाकाहारी मंडळींनी गुलाबी दूध किंवा मिठाई घेताना वेष्टनावर 'कोचिनिरु' शब्द शोधावा. अ‍ॅलर्जी नसली तरी किडा आहेच. 'कुचिनाशी' दिसले तर ते गार्डेनियाचे फळ, आणि 'बेनिबाना' म्हणजे आपली सोलापूरकडची करडई, तिच्या पाकळ्यांचा रंग. 'बेनिकोजी' नावाने २०२४ मध्ये खळबळ माजली, त्या गोळ्यांनी मूत्रपिंडे बिघडली होती. पण तपासात दोष सापडला तो उत्पादनात शिरलेल्या दुसऱ्याच बुरशीच्या विषाचा.

डॉक्टरांनी तरीही रक्त तपासले. थायरॉइड मंद असेल, मधुमेह असेल किंवा माणूस फार कमी खात असेल, तरीही रक्तात कॅरोटीन वाढते. थायरॉइडसाठी त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो आपल्या लोकांच्या उपयोगाचा आहे. मासळीचा अर्क नको म्हणून आम्ही सुपाला कोंबू हे समुद्रशेवाळ वापरतो. त्यात आयोडीन भरमसाट असते आणि रोजच्या अतिरेकाने थायरॉइड मंदावू शकतो.

माझे बिलिरुबिन आणि थायरॉइड, दोन्ही ठीक निघाले. ब१२ जीवनसत्त्व मात्र बरेच कमी होते आणि वजन तीन महिन्यांत पाच किलो उतरले होते. दूध-दही सोडल्यावर शाकाहारी माणसाला ब१२ मिळणार कुठून? ते फार कमी झाले तर मज्जातंतूंना इजा होते आणि ती दरवेळी पूर्ण भरून येतेच असे नाही. पिवळ्या हातांनी मला दवाखान्यात नेले नसते तर हे कळले नसते. विम्यामुळे खर्चाचा तीन दशांश वाटाच भरावा लागला. मी मात्र तीन महिने फुकटच्या वैद्यकीवर काढले होते.

आणि खाज? तिचे कारण त्सुकुबा डोंगरावरून येणारा हिवाळी वारा. त्याला इथे 'त्सुकुबा ओरोशी' म्हणतात. हवा कोरडी ठक्क, त्यात रोज रात्री कढत पाण्यात अर्धा तास डुंबणे, मग कातडी फुटणारच. डॉक्टरांनी पाणी कोमट करायला आणि अंग पुसताच मलम लावायला सांगितले. दहा दिवसांत खाज निम्मी झाली. सोडलेले पदार्थ त्यांनी एका वेळी एक, चार-चार दिवसांच्या अंतराने, वहीत टिपून परत सुरू करायला लावले. प्रोग्राम बिघडला तर एका वेळी एकच ओळ बदलायची, हे मी कचेरीत नवशिक्यांना शिकवतो. ताटाच्या बाबतीत ते मला सुचले नव्हते. दूध आले, गहू आला, सोयाबीन आले, शेवटी वांगेही आले, आणि काहीच बाधले नाही.

ब१२ च्या गोळ्या अजून चालू आहेत. हातांचा रंग मे महिन्यापर्यंत हळूहळू उतरला. यंदा मिकानची पेटी सौ.च्या ताब्यात आहे आणि मला रोज दोनच मिळतात.