दीड महिन्याच्या लसी आणि रात्री दीडचा ताप

आज आवाज जरा बसलेला वाटेल, कारण परवा रात्री झोप झालेली नाही. आमच्या लेकीला दीड महिना झाला आणि तिच्या पहिल्या मोठ्या लसी झाल्या. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. वाटलं होतं कार्ड वाचून जायचं, टोचून यायचं, संपलं.

आम्ही घराजवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. तिथे या लसी मोफत मिळतात. निघताना आई म्हणाली, "नाक वाहतंय तिचं, पुढच्या आठवड्यात ने." सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या की साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची नसते. जास्त ताप असेल, बाळ खरंच आजारी असेल, तर गोष्ट वेगळी.

आधी वजन. जन्माला २.९ किलो, आता ४.१. मग उंची, डोक्याचा घेर, पाय फिरवून खुबे तपासले, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. डाव्या दंडावर जन्मावेळच्या बीसीजीची छोटी पिवळसर पुळी आली होती. मी घाबरून मलम विचारलं. सिस्टर हसल्या. बीसीजीची पुळी काही आठवड्यांनी अशीच येते, फुटते आणि वण राहतो. तिला काही लावायचं नाही, दाबायचं नाही.

आता सहा आठवड्यांना काय काय मिळतं ते ऐका. तोंडातून पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसची लस. उजव्या दंडावर कातडीत पोलिओचं छोटंसं इंजेक्शन. उजव्या मांडीत न्यूमोकोकलची पीसीव्ही. आणि डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाचात एक: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब. म्हणजे एका भेटीत तीन सुया. बायकोने तिसऱ्या सुईला डोळे मिटले, मी दुसऱ्यालाच.

मला प्रश्न होता, पोलिओ दोनदा का? भारतातली शेवटची केस जानेवारी २०११ ची, हावड्याची. २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्त प्रमाणपत्रही मिळालं. तरी थेंब आतड्यात संरक्षण तयार करतात आणि इंजेक्शन रक्तात. बॅकअपचा बॅकअप म्हणा. (प्रत्येक गोष्टीत सर्व्हर दिसतो मला, माफ करा.)

कुपीवरचं एक गोल लेबलही बघून ठेवा. आत एक चौकोन असतो. तो बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरता येते. रंग सारखा किंवा गडद झाला असेल, तर ती कुपी जास्त उष्णतेत राहिली, फेकून द्यायची. बॅटरी नाही, ॲप नाही, तरी लॉग ठेवतं. मी त्या लेबलच्या प्रेमात आहे.

अर्धा तास तिथेच थांबलो, कारण तीव्र ॲलर्जी आलीच तर बहुतेक वेळा लगेच येते. मग घरी.

खरी गोष्ट रात्रीची. दीड वाजता ती रडत उठली, डावी मांडी लाल, ताप १००.२. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे असा ताप येतो, हे सिस्टरनी सांगितलं होतं. मी ताईला मेसेज टाकला. ती जागीच होती. "मी पॅरासिटामॉल अडीच मिली दिलं होतं," ती म्हणाली. मी ड्रॉपर उचलला.

बायकोने विचारलं, "ताईंकडे सिरप होतं की ड्रॉप्स?"

ताईकडे सिरप होतं. त्यात ५ मिलीत १२० मिलिग्रॅम औषध. माझ्या हातात ड्रॉप्स होते, १ मिलीतच १००. औषध तेच, पण ड्रॉप्स चौपटीहून दाट. अडीच मिली दिलं असतं तर ४.१ किलोच्या बाळाच्या पोटात २५० मिलिग्रॅम गेलं असतं. ऑफिसात मी ज्युनियरना युनिट तपासा म्हणून झापतो, आणि इथे स्वतःच एकक न बघता आकडा उचलला होता.

सिस्टरनी कार्डाच्या मागे वजनानुसार डोस लिहून दिला होता. कार्ड पिशवीत, पिशवी खुंटीला. बायकोने काढलं, आम्ही दोघांनी बाटलीवरच्या आकड्याशी ताडून पाहिलं, मग दिलं. तो डोस मी इथे मुद्दाम सांगत नाही. तुमच्या बाळाचं वजन वेगळं, बाटली वेगळी. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा आणि लिहून घ्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप १००.४ किंवा वर गेला, दूध सोडलं, सुस्त पडलं किंवा रडणं थांबेनाच, तर लसीचाच ताप असेल म्हणून वाट बघू नका. डॉक्टरांना गाठा, रात्र असली तरी.

पहाटे चारला ती दूध प्यायली आणि झोपली. मी सिरपची बाटली घरात आणायचीच नाही असं ठरवलं. कार्ड आता फ्रिजवर चुंबकाने लावलंय, पुढची तारीख दहा आठवड्यांची. त्या दिवशी एकच सुई आहे. बायको म्हणते, या वेळी मी डोळे उघडे ठेवायचे.