सोवळ्या हातांची हिंसा

लग्नात बायांनी ओव्या म्हणणं हा गुन्हा आहे, असं गावातल्या एखाद्या म्हातारीला सांगितलं तर ती वेड्यात काढेल. गोव्यात १७३६ साली तो गुन्हाच ठरला. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या पाखंड-चौकशी न्यायालयाच्या, त्या वर्षीच्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती घरांना दारात तुळस ठेवायला आणि बिनमिठाचा भात शिजवायलाही मनाई केली.

धर्माच्या नावाने चाललेल्या या जबरदस्तीची मुळं मध्ययुगीन युरोपात आहेत. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने क्लेर्माँला धर्मयुद्धाची हाक दिली. १०९९ मध्ये जेरुसलेम पडलं आणि तिथल्या मुसलमान-ज्यूंची कत्तल झाली. पण विजयाच्या धुंदीत कापाकापी करणाऱ्या फौजा सगळ्याच धर्मांत झाल्या. मला त्याहून भयंकर वाटतो तो थंड डोक्याने चाललेला कारभार. तेराव्या शतकात पोपने पाखंड हुडकायला चौकशी-न्यायाधीश नेमले, १२५२ मध्ये कबुलीसाठी छळाचीही मुभा दिली. धर्मगुरूंनी रक्त सांडायचं नाही, हा दंडक मात्र कायम! म्हणून दोषी माणूस राजाच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करायचा आणि चिता त्यांनी पेटवायची. चर्चचं सोवळं शाबूत.

हीच पद्धत १५६० मध्ये गोव्यात आली. तिची मागणी फ्रान्सिस झेवियरने आधीच पोर्तुगालच्या राजाकडे केली होती. जाच मुख्यतः बाटलेल्यांना. जुने रीतिरिवाज सुटले नाहीत, हाच त्यांचा अपराध. वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला, तरी सुटला नाही. छुपा ज्यू ठरवून १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

गोव्याच्या साष्टी भागातल्या कुंकळ्ळी गावात १५८३ साली, देवळं पाडल्याने खवळलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना मारलं. अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला रुदोल्फ अक्वाव्हिवा त्यांत होता. निःशस्त्र माणसांना मारलं, हे लपवायचं कारण नाही. पुढे बोलणी करायच्या मिषाने गावच्या म्होरक्यांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी कापून काढलं.

त्याच साष्टीत राहून थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये ते छापलंही गेलं. येशूची कथा ज्या ओवीतून सांगितली, तिच्यावर सव्वाशे वर्षांच्या आत बंदी आली.

इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांना चर्चने १८९३ मध्ये 'धन्य' घोषित केलं. गावच्या म्होरक्यांचं स्मारक व्हायला त्यानंतरही शंभरेक वर्षं जावी लागली.