लहान गोळी विरळ कां?

जुन्नरास शिवनेरीच्या पायथ्याशीं एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस शिशाच्या दोन गोळ्या दाखविल्या. एकीचा व्यास १८ मिलिमीटर, दुसरीचा ९. धाकटीच्या चिठीवर 'रायफलीची' असें लिहिलेलें होतें. धाकटी करावयास सोपी असतां ती विरळ कां, असा त्यांचा प्रश्न.

गणित उलट आहे. व्यास निम्मा झाला कीं वजन अष्टमांश होतें : मोठी सुमारें ३५ ग्रॅम, धाकटी अवघी सव्वाचार. साच्यांत व्यासाची चूक दशांश मिलिमीटर झाली, तर मोठीच्या वजनांत १.७ टक्के फरक पडतो, धाकटीच्या वजनांत ३.४. तोड्याच्या बंदुकीस हें फारसें बाधत नसे. गोळी नळींत सैलच बसे. आट्यांच्या नळीस मात्र ती चपखल लागते. शिवाय अलीकडील गोळीस तांबेमिश्र पत्र्याचा पेला ठोकणें, तो ओढून लांबविणें, शिसें भरणें, दाबून आकार देणें या क्रिया लहानमोठीस सारख्याच, आणि ठसे प्रत्येक व्यासास निराळे. शिसें वांचतें, श्रम वांचत नाहींत. म्हणून मोठी, बहुधा सरकारी, मागणी आल्याखेरीज कारखानदार नवा व्यास हातीं घेत नाहीं.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. ब्रिटिश फौजेनें ०.३०३ इंची रायफल १८८८ त घेतली. ५.५६ मिलिमीटरची रायफल अमेरिकन सैन्यांत १९६० नंतरच्या दशकांत आली. आपल्याकडे इन्सास १९९० नंतर.

स्नेह्यांची धाकटी गोळी पिस्तुलाची, कीं एका बारांत अनेक भरावयाच्या छऱ्यांपैकीं, हें सांगतां येत नाहीं. तिच्या अंगावर आट्यांचा ओरखडा नाहीं; तेव्हां चिठीवरील तो शब्द आम्हीं खोडविला.