जाहीर नोटिशीने घर सावरत नाही

गेल्या पंधरवड्यात मलकापुरातील एक भुसार व्यापारी आमच्या कचेरीत आले. गृहस्थ साठीच्या घरातले, व्यवहारात चोख, शब्दाचे पक्के. त्यांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढून आमच्यापुढे ठेविला आणि म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, उद्याच्या अंकात एवढे छापा. आकार काय होईल तो सांगा.’’ कागदावर तीनचार ओळी होत्या. थोरल्या मुलाशी आमचा व आमच्या कुटुंबाचा आजपासून काहीएक संबंध राहिलेला नाही. त्याच्याशी कोणी देण्याघेण्याचा व्यवहार केल्यास तो त्याने आपल्या जबाबदारीवर करावा. असल्या नोटिसा छापणे हा वर्तमानपत्रांचा नित्याचा व्यवसाय आहे आणि त्यापासून येणाऱ्या पैशाचा आम्हांसही तिटकारा नाही. तरी ही नोटीस आम्ही छापली नाही. का छापली नाही, हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण असा कागद खिशात घेऊन हिंडणारे ते एकटेच नाहीत.

मुलाची हकीकत थोडक्यात अशी. पंचविशीपर्यंत पोरगा दुकानाचा आधार होता. पुढे त्याची झोप उडाली. शेजारी आपल्यावर पाळत ठेवितात, कोणी कानाशी येऊन शिव्या देते, असे तो म्हणू लागला. ते आवाज बंद व्हावेत म्हणून तो पिऊ लागला, आणि पिण्याने ते आवाज वाढले. दहा वर्षांत उधारी झाली, गल्ल्यातला पैसा गेला, आईच्या पाटल्या गेल्या. ‘‘आता आमचे दार त्याला बंद,’’ असे बोलून ते गृहस्थ स्तब्ध बसले.

प्रथम कायद्याचे बोलू. सज्ञान मुलाने आपल्या नावावर केलेले कर्ज, बापाने हमी दिली नसल्यास, बापाच्या अंगावर येत नाही. ते न येण्यास नोटिशीची गरज नाही. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा जो हिस्सा आहे, तो वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी नाहीसाही होत नाही. मग ही नोटीस करिते काय? ती एवढेच करिते, की जे दहा वर्षे घराने झाकून ठेविले, ते एका सकाळी साऱ्या बाजारास कळविते. आणि रोग्यास कळविते, की तुझी आम्हांस लाज वाटते.

झाकणे आणि हाकलणे ही परस्परविरुद्ध टोके दिसतात खरी, परंतु आमच्या मते ती एकाच भीतीची दोन रूपे आहेत. मीटर बसवून घरोघर चोवीस तास पाणी पुरविणारे नगर म्हणून आमच्या मलकापुराचे नाव झाले आहे. हे ज्या नगरास साधले, त्याच नगरात घरातील रोगाचे नाव मात्र आम्ही तोंडावाटे काढीत नाही. मुलगा पिऊन पडला, की बायको त्याच्या मालकास ‘ताप आहे’ म्हणून सांगते. सावकार दारात आला, की बाप रात्रीतून पैसे भरितो. आई पदराआडून पन्नासाची नोट देते, कारण न दिल्यास तो आरडाओरडा करील आणि शेजारी ऐकतील. ह्या सर्वांस त्या घरात प्रेम म्हणतात. ते प्रेम नव्हे असे आम्ही म्हणणार नाही. पण व्यसनास लागणारा दाणागोटा तेच प्रेम पुरविते, हे कोणीतरी बोलून दाखविलेच पाहिजे. रोग्यास जेवण द्यावे, अंथरूण द्यावे, दवाखान्यापर्यंत सोबत द्यावी. रोख पैसा, खोटी साक्ष आणि फेडलेले कर्ज देऊ नये. ही रेघ ओढणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे, आणि ती ओढताना आईबापांच्या पोटात तुटते हेही आम्ही जाणतो.

ह्या घरातल्या दुखण्याची दुसरी अडचण अशी, की रोग दोन आणि दारे दोन. व्यसन सोडविणारा म्हणतो, आधी डोके ताळ्यावर आणा. डोक्याचा वैद्य म्हणतो, आधी दारू सोडवा. असे घराणे आम्ही पाहिले आहे, की जे वर्षभर ह्या दारातून त्या दारात फिरले आणि शेवटी देवऋष्याकडे गेले. दोन्ही रोग एकमेकांस पोशीत असतात, तेव्हा उपचारही एकत्रच झाला पाहिजे. डॉक्टरांपुढे दारूची गोष्ट लपविणे किंवा व्यसनमुक्ती केंद्रात आवाजांची गोष्ट लपविणे, ही आपल्याच माणसाची केलेली फसवणूक होय.

घरगुती उपायांविषयी तर आम्हांस जरा कडकच लिहिणे भाग आहे. रोज पिणाऱ्या माणसास खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी तोडणे हा पुष्कळ घरांत पुरुषार्थ समजला जातो. अशा माणसास दोनतीन दिवसांत कंप सुटतो, भास होतात, झटके येतात, आणि वेळी प्राणही जातो. दारू तोडणे डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावे. भिंतींवर आणि, सांगण्यास शरम वाटते, वर्तमानपत्रांतही ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. पोटात दारू गेल्यास माणूस बेजार व्हावा अशी गोळी वैद्यकात आहे खरी. परंतु ती रोग्यास सर्व समजावून, त्याच्या संमतीने द्यावयाची असते. चहात किंवा आमटीत चोरून घातल्यास रक्तदाब कोसळून त्याच्या जिवावर बेतू शकते. आणि पुडीत नक्की काय आहे, हे विकणाऱ्याखेरीज कोणास ठाऊक?

‘लग्न करून द्या, म्हणजे सुधारेल’ हा सल्ला मात्र सर्वांत निर्दय. एका रोग्याच्या औषधासाठी दुसऱ्याची मुलगी वापरावयाची, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे. त्यात महत्त्वाची गोष्ट दडवून घेतलेली संमती ही फसवणूक ठरते आणि असा विवाह रद्द होऊ शकतो. पण न्यायालयात जाण्याइतके बळ त्या पोरीत उरले असेल तर! भूत काढण्यासाठी साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, हे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत आणि त्यांस सात वर्षांपर्यंत कैद आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्याच सातारचे. कायदा होण्यापूर्वी त्यांचा खून झाला, हे आम्ही विसरू शकत नाही.

मग करावे काय? ह्याचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही. आपल्याच लोकांनी ते करून दाखविले आहे. पुण्यास १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ काढिले, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्यास आधार होता. तेथे रोग्यास नुसते दारूपासून दूर ठेवीत नाहीत. त्याच्या बायकोसही बोलावितात, आणि अशा बायका ‘सहचरी’ गटात एकमेकींजवळ बसून बोलतात. वर्षानुवर्षे ज्या गोष्टी माहेरीही सांगता आल्या नाहीत, त्या तेथे परक्या बाईस सांगता येतात. कारण तिचेही घर तसेच असते. अमेरिकेतही दारुड्यांच्या बायकांनीच १९५१ मध्ये कुटुंबीयांची वेगळी संघटना उभी केली.

दुसरे उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणी यांचे. मूळचे धुळ्याकडील, कॅनडात कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नी कमलिनीबाईंस स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी तो झाकला नाही. पुण्यात ह्या रोगाविषयी जागृती करणारी आणि रोग्यांच्या आप्तांस एकत्र आणणारी संस्था त्यांनी उभी केली, व त्यांच्याच पुढाकाराने २००४ मध्ये ‘देवराई’ हा मराठी बोलपट निघाला. प्राध्यापकास जे कॅल्गरीत बसून करता आले, ते आमच्या पेठेतल्या शिकलेल्या माणसास का करता येऊ नये? उपचारास मुंबईपुणेच गाठावे लागते असेही नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचे कृष्णा रुग्णालय मलकापुरातच उभे आहे. ज्यांस घराबाहेर पडण्याचाच संकोच, त्यांच्यासाठी सरकारने २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट बोलता येते.

कायदाही आता १९१२ च्या इंग्रजी ‘ल्युनसी ॲक्टा’चा राहिलेला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू व अमली पदार्थांपासून होणाऱ्या मनोविकारांसही मानसिक आजारातच गणितो. साखळदंड घालण्यास त्यात साफ मनाई आहे. फार बिघडलेल्या व उपचार नाकारणाऱ्या रोग्यास त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन जाणकारांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, तीस दिवसांपर्यंत दाखल करिता येते. त्यातील एक कलम आम्हांस विशेष मोलाचे वाटते. बरे असण्याच्या दिवसांत रोग्याने स्वतः लिहून ठेवावे, की पुन्हा बिघडल्यास माझा उपचार असा करावा, असा करू नये, आणि माझ्या वतीने अमुक माणसाने बोलावे. मृत्युपत्र करण्यास आमच्याकडे पुष्कळ येतात. हा कागद करण्यास अद्याप एकही आलेला नाही.

हे सर्व आम्ही त्या व्यापाऱ्यांस एका बैठकीत सांगितले असे नव्हे. त्या दिवशी त्यांस एवढेच म्हणालो, की नोटीस आठ दिवस आमच्याकडे राहू द्या. आठव्या दिवशी ते आले, पण कागद मागितला नाही. बराच वेळ भाताच्या दराविषयी बोलले. उठताना, आमच्याकडे न पाहता, विचारू लागले, ‘‘त्या पुण्याच्या गटात आई बसली तर चालते का? सून तर माहेरी गेली. पण त्याच्या आईला कोणाशी तरी बोलायचे आहे.’’ आम्ही म्हणालो, अशा घरच्या माणसांसाठीच ते दार आहे, एकदा विचारून तर पाहा. आणि पत्ता लिहून दिला. नोटीस अजून आमच्या खणात आहे.