इंग्रजांनी उचललेले एक क्रियापद

मंचरहून घोडेगावावरून भीमाशंकरास जाणाऱ्या रस्त्यावर, डिंभ्याच्या अलीकडे, आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे गाव लागते. दसऱ्याच्या सायंकाळी सीमोल्लंघन करून आपट्याची पाने आणण्याला इकडे, सबंध महाराष्ट्राप्रमाणेच, सोने लुटणे म्हणतात. आणि तेवढ्यावरून कोणी फौजदारी कचेरीत फिर्याद गुदरल्याचे ऐकिवात नाही. परंतु ह्याच क्रियापदाचे एक भावंड इंग्रजी भाषेत नांदत असून, तिकडील दंगलीची बातमी त्याच्यावाचून सहसा पुरी होत नाही. ते क्रियापद म्हणजे 'लूट'.

धातुपाठात 'लुण्ट्' हा धातू चौर्याच्या अर्थी पठित आहे, आणि चोरीच्या मालाला संस्कृतात 'लोप्त्र' अशी संज्ञा आहे; ह्यांपैकी आपल्या शब्दाचा मूळपुरुष कोणता, याविषयी व्युत्पत्तिकारांचे एकमत नाही. जे लोप्त्राचा पक्ष घेतात ते हिसकावणे या अर्थाच्या एका आदिम धातूपर्यंत वंशवेल नेतात, आणि मग इंग्रजीतील 'रॉब' हे क्रियापदही त्याच कुळातले ठरते. हा पक्ष खरा मानला तर ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्यांनी परका म्हणून जो शब्द हिंदुस्थानात उचलला, तो त्यांच्याच भाऊबंदांपैकी निघाला!

ही क्रिया मात्र ह्या मुलखाला फार पूर्वीपासून परिचित होती. शिनोलीच्या उत्तरेचे जुन्नर ही मोगली अमलातील संपन्न पेठ. 1657 च्या एप्रिलअखेर शिवाजीमहाराजांच्या लोकांनी रात्री दोरशिड्या लावून तिचा तट ओलांडला, आणि तीन लाख होन, दोनशे घोडे व शिवाय जडजवाहीर घेऊन ते निघून गेले. परमुलखात ही राजनीती, पण स्वमुलखात नव्हे; 1673 साली चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेल्या पत्रात महाराजांनी रयतेस काडीमात्र उपद्रव न देण्याची सक्त ताकीद दिलेली आहे.

इंग्रज लष्करी कोशकार चार्ल्स जेम्स याने 1802 साली 'लूट' हा हिंदुस्थानी शब्द म्हणून नोंदविला, आणि पुढे त्या नामाचेच क्रियापद झाले. गंमत अशी की, स्वतःच्या फौजेने घेतलेल्या मालासाठी इंग्रजांपाशी 'प्राइझ' हा सभ्य शब्द तयार होता व त्याच्या वाटणीचे कायदेही होते. पेशवाई बुडाल्यावर दख्खनच्या अशा धनाचा वाद विलायतेत कित्येक वर्षे चालला. त्यातलेच एक प्रकरण असे, की पुण्यात पेशव्यांकडील अंमलदार नारो गोविंद औटी यांचा खजिना इंग्रजांनी जप्त केला. त्याबद्दलचा दावा मुंबईच्या न्यायालयात दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याच्याविरुद्ध लागला, तरी 1830 साली प्रिव्ही कौन्सिलने ही युद्धातील जप्ती असून न्यायालयास त्यात अधिकारच नाही असे ठरवून तो निकाल फिरविला. एतद्देशीयाने घेतली ती लूट आणि साहेबाने घेतली ते प्राइझ, असा हा हिशेब होता. पण तोही फार दिवस टिकला नाही. 1860 साली इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगनजीकचा बादशाही उन्हाळी महाल धुऊन नेला, तेथे सापडलेले एक चिमुकले कुत्रे व्हिक्टोरिया राणीस नजर करण्यात आले, आणि त्याचे नाव चक्क 'लूटी' ठेवण्यात आले. 1886 साली यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश निघाला, तोवर हा शब्द इंग्रजीत पुरता रुळला होता.

इंग्रजीने आपल्या क्रियापदाचा अर्धाच संसार नेला, हे मात्र माझे ठाम मत आहे. तिकडे दुकान लुटले जाते, शहर लुटले जाते, वस्तुसंग्रहालय लुटले जाते. कर्ता सदैव घेणारा आणि गुन्हेगार. मराठीत मजा लुटावी, आनंद लुटावा, बोरनहाणात पोरांनी बोरे लुटावीत. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर अर्थ उलटा फिरून, जी स्वतःच्या पदरचे देते तीच 'वाण लुटते'! घेण्याचे क्रियापद देण्यासाठी योजण्याचे हे औदार्य कंपनीच्या शिपायांच्या कानी पडले नसावे, किंवा पडूनही त्यांच्या उपयोगाचे नसावे. इंग्रजीतील 'लूट' मराठीत आणताना अडचण नाही, खरी अडचण उलट दिशेने आहे. म्हणून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या आपल्या लेखकांना एवढीच विनंती, की वाण लुटणाऱ्या सुवासिनीला त्यांनी दरोडेखोरांच्या पंक्तीस बसवू नये.